कुत्र्याचं पुढे काय झालं? : रेबीज प्रकल्पाच्या नोंदी, घणसोली–तुर्भे पट्टा

6 नोव्हेंबर 2024, बुधवार

दिवाळी संपली, माणसं कामावर आली. आज दिवसभर दवाखान्यात श्वानदंशाचं रजिस्टर घेऊन बसले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची पानं. नाव, वय, पत्ता, कुठे चावला, जखमेची वर्गवारी, डोसच्या तारखा. प्राण्याच्या रकान्यात ‘कुत्रा’, फार तर ‘भटका कुत्रा’. दुपारपर्यंत एकच गोष्ट खटकत राहिली. त्या कुत्र्याचं पुढे काय झालं, हे एकाही ओळीत नाही.

ही माहिती फुकट मिळते आणि तीच सगळ्यांत मोलाची आहे. चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल, तर ते कुत्रं दहा दिवसांच्या आत मरतं. दहाव्या दिवशी ते त्याच नाक्यावर शेपटी हलवत उभं असेल, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, गल्लीतल्या कुणालाही विचारलं तरी पुरतं. माणसाची लस अर्थातच पहिल्या दिवसापासून सुरू करायची, कुत्र्याची वाट बघत थांबायचं नाही. पण कुत्रं मेलं असेल तर त्याच गल्लीत आणखी कोणाला धोका आहे हे शोधायला लागतं, आणि ते शोधायला कुणी जात नाही, कारण मेल्याचं कुणाला कळतच नाही.

सिस्टरांशी बोलले. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पेशंट डोसला येतोच. तेव्हा फक्त विचारायचं: कुत्रं कुठे आहे? कसं आहे? सिस्टर म्हणाल्या, “रकाना छापून येईल तेव्हा येईल मॅडम. मी शेऱ्यात लिहीत जाते.” एवढं म्हणून त्यांनी लगेच समोरच्या पेशंटला विचारलंही.

9 नोव्हेंबर, शनिवार

पहाटेची ट्रान्सहार्बर लोकल पकडून ठाण्याहून घणसोली. पट्टा पायी पाहून घेतला. ठाणे–बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसी, तिच्यामागे पारसिकचा डोंगर. पश्चिमेला सेक्टर, सेक्टरांच्या पोटात गावठाणं, आणि शेवटी खाडी आणि कांदळवन. नवी मुंबई वसवायला सिडको 1970 साली आली आणि आखीव शहर गावांच्या भोवतीने वाढत गेलं. त्यामुळे इथे पाच मिनिटं चाललं तरी कुत्र्यांची तीन वेगवेगळी जगं लागतात.

सेक्टरातली कुत्री सोसायटीच्या गेटवर वाढलेली, बिस्किटाच्या आवाजाला येतात. गावठाणातली प्रत्येकाच्या अंगणातली, कागदावर भटकी असली तरी नाव, घर आणि जेवणाची वेळ ठरलेली. एमआयडीसीतली मात्र कुणाची नाहीत. कँटीनच्या उरलेल्या अन्नावर जगतात, माणूस वाकला की पळतात. गाडी गावठाणाच्या बोळात शिरत नाही आणि एमआयडीसीत गाडीचा आवाज आला की कुत्री नाल्यात उतरतात. म्हणून दोन्हीकडे पायी जायचं ठरवलं.

टीमच्या लसीची तपासणी केली. कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाला आधीच रेबीजची लस दिलेली हवी. नव्या मुलाचा शेवटचा डोस बाकी आहे. तो होईपर्यंत त्याच्याकडे मोबाइलवरची नोंद, जाळी नाही. तो जरा हिरमुसला. पण यात सूट नाही.

14 नोव्हेंबर, गुरुवार

लसीकरणाचा पहिला दिवस, गावठाणापासून सुरुवात. खोक्यात आइसपॅक, वर थर्मामीटर, लस 2 ते 8 अंशांत. दर तासाला आकडा लिहिला.

हातात येणारी कुत्री आधी घेतली. आजूबाजूच्या बायका स्वतःच धरून आणतात. एकीने दोन कुत्री ओढणीने बांधून आणली, तिसऱ्यासाठी पोराला पाठवलं. सुई कातडीखाली, एक मिली, पाठीवर रंगाचा पट्टा, मोबाइलवर नोंद. कानाला व्ही आकाराची खाच असेल तर तीही लिहायची, म्हणजे नसबंदी झालेली. या पट्ट्यात खाचवाली बरीच दिसली, आणि ती हमखास शांत. नसबंदीचं काम चाललंय तिथे आपलं कामही सोपं होतं.

जाळीचं काम बघण्यासारखं असतं. आमचे जाळीवाले दादा पंधरा वर्षं हेच करतात. गोल कड्याची जाळी पाठीमागे धरून ते कुत्र्याकडे न बघता, जणू दुसरीकडेच चाललेत असे, तिरके चालत जातात. जाळी समोरून टाकत नाहीत. कुत्र्याने पळायला तोंड वळवलं की त्याच्या पुढच्या जागेवर कडं टेकवतात, म्हणजे ते स्वतःच्या वेगानेच आत जातं. मग कड्याला अर्धा पिळा, जाळी घट्ट, दुसऱ्याने जाळीतूनच मांडीत सुई, रंगाचा फवारा, पिळा सोडला, कुत्रं बाहेर. मी घड्याळ लावलं होतं. अर्ध्या मिनिटाच्या आत. कुत्रं दहा पावलांवर थांबून अंग झटकतं आणि मागे वळून बघतं. मानेला फास लावणारी काठी आम्ही वापरत नाही. एकदा फास लागला की त्या गल्लीतली कुत्री वर्षभर माणूस बघून पळतात, आणि पुढच्या वर्षीची लस तिथेच हुकते.

गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने 2013 पासून अशाच जाळ्या घेऊन गल्ल्या पिंजून काढल्या, मोबाइलवर नकाशा ठेवून. 2018 ते 2020 तिथे रेबीजने माणूस गेला नाही, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आपल्याच शेजारचं राज्य, तीच कुत्री, तोच पाऊस. तिथे जमलं ते इथे जमणार नाही, हे मला मान्य नाही.

18 नोव्हेंबर, सोमवार

वाईट दिवस. सकाळी नऊला कळलं की एका कारखान्याच्या मागे एक कुत्रं झटके येऊन मेलंय, आदल्या रात्री दोन कुत्र्यांना चावलंही होतं. आम्ही पोचलो तेव्हा जागा धुऊन झाली होती. कलेवर कचऱ्याच्या गाडीत गेलं, गाडी डेपोवर. नमुना गेला तो गेलाच. ते रेबीज होतं की विषबाधा की डिस्टेंपरसारखा कुत्र्यांचा दुसरा आजार, आता कधीच कळणार नाही. चावलेली ती दोन कुत्री ओळखता येतील असं वर्णनही कुणाकडे नाही.

दोष सफाईवाल्यांचा नाही. मेलेलं जनावर लवकर उचलणं हेच त्यांचं काम, त्यांना वेगळं काही कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारी मुकादमांकडे जाऊन बसले. पट्ट्यातलं कुठलंही मेलेलं कुत्रं उचलण्याआधी एक फोन, आम्ही एक तासात येऊ, नाही आलो तर उचला. त्यांनी हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर माझा नंबर लिहिला. शिवाय उघड्या हाताने उचलायचं नाही, हेही त्यांच्या माणसांसमोर सांगितलं. दोघांकडे हातमोजे होते, बाकीच्यांकडे नव्हते. आमच्या खोक्यातले देऊन आले.

20 नोव्हेंबर, बुधवार

मतदान. अर्धी टीम निवडणूक ड्युटीवर, काम बंद. मत देऊन आले आणि घरी हिशोब करत बसले. नव्या मुलाने परवा विचारलं होतं, 70 टक्के कुत्र्यांनाच लस का? शंभर का नाही, पन्नास का नाही? त्याला उत्तर लिहून द्यायचं होतं.

एक पिसाळलेलं कुत्रं मरेपर्यंत सरासरी किती कुत्र्यांना रोग देतं? जगात जिथे जिथे हे मोजलं गेलं तिथे आकडा एक आणि दोनच्या मध्ये आला, बहुतेक ठिकाणी एकाच्या बाजूला. टांझानियाच्या सेरेंगेटीजवळ चावा आणि चावा शोधून काढत केलेलं काम 2009 मध्ये आलं, तिथेही असंच दिसलं. गोवराचं एक मूल बारा-पंधरा जणांना रोग देतं, त्याच्यापुढे रेबीज तसा अशक्त रोग आहे. आकडा 1.3 धरला तर 23 टक्के कुत्री सुरक्षित असली तरी साखळी मोडते. अगदी 2 धरला तरी 50 टक्के.

मग 70 कशाला? कारण कुत्र्यांचं आयुष्य छोटं. समजा शंभरातल्या सत्तरांना आज लस दिली. वर्षभरात शंभरातली पस्तीस मेली, गाडीखाली, आजारात, उपासमारीत, आणि त्यांच्या जागी लस नसलेली पिल्लं आली. वर्षअखेर लसवाली उरली पंचेचाळीस-सेहेचाळीस. म्हणजे सत्तरपासून सुरू केलं तर पुढच्या फेरीपर्यंत आपण त्या 50 टक्क्यांच्या रेषेच्या वर किंवा अगदी जवळ राहतो. पन्नासपासून सुरू केलं तर लगेचच तिच्याखाली घसरतो.

‘मारून टाका’ म्हणणाऱ्यांनाही हाच हिशोब दाखवायचा असतो. मारलेल्या कुत्र्यांत लसवालीही जातात आणि मोकळ्या जागेत लस नसलेली येतात. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर 1997 मध्ये रेबीज शिरला तेव्हा लाखो कुत्री मारली, तरी रोग बेटावर टिकून राहिला. बालीतही 2008 नंतर आधी मारण्याचाच मार्ग धरला होता, उतार दिसला तो 2010 पासून सरसकट लस सुरू केल्यावर.

देशाचे आकडे त्याच कागदाच्या पाठीवर लिहिले, सादरीकरणासाठी. 2019 च्या पशुगणनेत रस्त्यावरची कुत्री 1.53 कोटी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, या सप्टेंबरअखेर प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार वर्षाला प्राणी चावण्याच्या सुमारे 91 लाख घटना, त्यातल्या तीन चतुर्थांश कुत्र्यांच्या, आणि रेबीजचे अंदाजे 5,726 मृत्यू. एकदा लक्षणं दिसली की उपाय नाही. आणि लक्षणांआधी वेळेवर लस आणि सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडं, मिळालं तर माणूस जवळजवळ नक्की वाचतो. या दोन वाक्यांमधल्या जागेत ते मृत्यू होतात.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

रंगवलेल्या कुत्र्यांची मोजणी. पहाटे सहा ते आठ, वर्दळ सुरू होण्याआधी. नियम सोपे: ठरलेल्या रस्त्याने चालायचं, मागे वळायचं नाही, दिसलेलं प्रत्येक कुत्रं लिहायचं, रंग आहे की नाही, नर-मादी, पिल्लू की मोठं.

गावठाणाच्या मुख्य गल्लीत 19 दिसली, 15 रंगाची. मन भरून आलं. मग रस्ता ओलांडून एमआयडीसीच्या एका लांब सरळ रस्त्यावर 23, त्यात रंगाची 9. दोन्ही मिळून सरासरी काढली तर कागदावर बरं दिसेल, पण विषाणू सरासरीत राहत नाही. तो त्या बिनरंगाच्या चौदांत फिरणार. अहवालात दोन्ही आकडे वेगळेच जातील.

परतताना एका गेटवरच्या सुरक्षारक्षकाशी बोलले. म्हणाला, “दिवसा नाही सापडायची मॅडम. दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्री साडेबाराला या. डबे रिकामे करतात ना पोरं, सगळी इथंच असतात.” आठवडाभर आम्ही दिवसा जाळ्या घेऊन फिरतोय आणि उत्तर या माणसाकडे होतं. पुढची फेरी रात्री.

28 नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी सिस्टरांचा फोन. सोमवारी 25 तारखेला पार्सल पोचवणारा एक मुलगा पोटरीला कुत्रा चावला म्हणून आला होता. आज तिसऱ्या दिवसाचा डोस. सिस्टरांनी विचारलं, कुत्र्याचं काय झालं? तो म्हणाला, “पडून आहे. तोंड उघडंच आहे त्याचं, लाळ गळते. हाड अडकलंय म्हणतात.”

रजिस्टरच्या शेऱ्यातल्या त्या एका ओळीवर आम्ही निघालो. गावठाणाचं नाव इथे लिहीत नाही. नाव फुटलं की लोक सरसकट कुत्र्यांवर दगड घेऊन उठतात.

काळा नर, तीनेक वर्षांचा. अंगावर रंग नाही, कानाला खाच नाही. आम्ही 14 तारखेला याच गल्लीतून गेलो होतो, तेव्हा हा हुकला. ओसरीच्या कोपऱ्यात आडवा. खालचा जबडा लोंबलेला, जीभ बाहेर, जाड तारेसारखी लाळ. पाण्याच्या भांड्याशी तोंड नेतो, पण पाणी आत जात नाही. मागचे पाय ओढतोय. भुंकायला गेला तर घोगरा, फाटका आवाज. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे धावून अंगावर येणारं, अशी सगळ्यांची समजूत. हे रेबीजचं दुसरं रूप, लुळं पाडणारं. तोंड मिटत नाही कारण जबड्याचे स्नायू गेलेले असतात, आणि बघणाऱ्याला वाटतं घशात काहीतरी अडकलंय. या रूपात कुत्रं चावतं कमी. माणूस स्वतःच हात पुढे करतो.

पोरांना गल्लीबाहेर काढलं, गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे लावले, एक माणूस पहाऱ्याला. पिंजऱ्यात घेऊन विलगीकरणात नेण्याची तयारी करेपर्यंत सात वाजले. रात्री साडेनऊला तिथेच मेलं.

पार्सलवाल्या मुलाचं कळलं ते याहून काळजीचं. पोटरीला रक्त आलं होतं, म्हणजे तिसरी, सगळ्यांत गंभीर वर्गवारी, लसीबरोबर सीरम हवंच. सीरम मोठ्या रुग्णालयात मिळतं म्हणून सोमवारी चिठ्ठी दिली होती. तो गेला नाही, कारण अर्ध्या दिवसाचा खाडा. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत सीरम देता येतं, आज तिसरा दिवस होता. नव्या मुलाने त्याला स्वतःच्या गाडीवर बसवून नेलं आणि देऊन आणलं. आज जाळी हातात नसूनही सगळ्यांत महत्त्वाचं काम त्यानेच केलं.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नमुना. दुहेरी मोजे, गॉगल, मास्क, वर चेहऱ्याचं कवच. मान पुढे वाकवली की कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये बोटाला खळगा लागतो. तिथली कातडी आणि स्नायू कापले की कवटीचं मोठं रंध्र दिसतं. त्यातून प्लास्टिकची जाडसर नळी डोळ्याच्या रोखाने, हळूहळू पिळत आत सरकवायची. नळी बाहेर काढली की तिच्यात मेंदू थराथराने आलेला असतो, आधी मेंदूचं खोड, मागोमाग लहान मेंदूचा भाग. करवत नाही, कवटी फोडणं नाही, तुषार उडत नाहीत. मेंदूचं खोड आलं नाही तर नकारार्थी निकालाला अर्थ नसतो, म्हणून नळी उजेडात धरून दोनदा खात्री केली.

झटपट पट्टीची चाचणी जवळ होती. केली नाही. ती चुकून नकारार्थी आली तर गल्लीतली माणसं निर्धास्त होतील, आणि त्या निर्धास्तपणाची किंमत मला माहीत आहे. डबा बर्फात, तीन आवरणांत, गाडी थेट प्रयोगशाळेत.

ओसरी ब्लीचिंगने धुतली. घरच्यांना सांगितलं, हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही. त्याचं आवरण चरबीचं, साबणाने विरघळतं. म्हणूनच जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा म्हणतात. ते औषधाइतकंच खरं औषध आहे.

30 नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन. फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणी, होकारार्थी. काचपट्टीचा फोटोही आला: काळ्या पार्श्वभूमीवर कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकणारे ठिपके, लहान-मोठे, सगळीकडे पसरलेले. इतके दाट की शंकेला जागा नाही.

उद्या रविवार असला तरी घरोघर जायचं.

1 डिसेंबर, रविवार

आशाताई, मी आणि सिस्टर. सिस्टर सुट्टीच्या दिवशी आपणहून आल्या. प्रश्न मुद्दाम बदलला. ‘कुणाला चावला का?’ असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. म्हणून विचारलं: मागच्या दोन आठवड्यांत काळ्याला जेवण कोण घालत होतं? कुणी हात लावला? कुणाला चाटला?

शेवटून दुसऱ्या घरात आजी कोलंबी सोलत बसल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास. काळ्या त्यांच्याच ओसरीवर वाढलेला. तो मेल्यापासून त्या नीट जेवल्या नव्हत्या, असं सुनेने सांगितलं. मी विचारलं, आजी, तुम्ही त्याच्या तोंडाला हात लावला होता का?

“चावला नाय गो मना. त्याचे गल्यान हार अरकला व्हता.”

बुधवारी त्यांनी त्याचा जबडा एका हाताने धरून दुसऱ्या हाताची दोन बोटं घशापर्यंत घातली होती. हाड सापडलं नाही. दुसऱ्यांदा पुन्हा घातली. मी त्यांचा हात हातात घेतला. बोटांच्या पेरांना कोलंबीच्या काट्यांचे बारीक चरे, अंगठ्याजवळ कोयतीचा एक ताजा छेद, वर हळद-चुना. चावा कुठेच नाही, पण कातडी फाटलेल्या जागी पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ लागली, म्हणजे ही तिसरीच वर्गवारी. त्या दवाखान्यात कधीच आल्या नसत्या. कुत्रा चावलाच नव्हता, मग कशाला येतील? आमच्या रजिस्टरमध्येही त्यांच्यासाठी ओळ नव्हती. त्यांच्यापर्यंत पोचायचा एकच रस्ता होता, तो त्या पार्सलवाल्या मुलाला विचारलेल्या प्रश्नातून आला.

आजी आधी नाही म्हणाल्या. पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेला दीर त्यांनी पाहिला होता. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून करत, कसौलीत सेंपल यांनी 1911 मध्ये बनवलेली. आपल्याकडे तिचा वापर 2004 पर्यंत चालू होता, आणि तिची धास्ती अजून घराघरात आहे. सिस्टर खाली बसल्या, स्वतःच्या दंडावर बोट ठेवून म्हणाल्या, “आजी, पोटात नाही, इथे. दोन्ही दंडांवर एकेक थेंब. मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा येतो आणि जातो. चार वेळा यायचं फक्त.” मी काळ्याबद्दल खरं ते सांगितलं. हाड नव्हतं, आजी. त्याला वाचवता येण्यासारखं नव्हतं. पण तुम्ही वाचू शकता. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, लुगडं काढ.

अपघात विभागात आधी हात साबणाने धुतला, पूर्ण पंधरा मिनिटं, आशाताई घड्याळ धरून. वजन 46 किलो. घोड्यापासूनचं सीरम किलोला 40 युनिट, म्हणजे कमाल 1,840 युनिट. ते दंडात टोचून उपयोग नाही, जखमेच्या आत आणि भोवती जायला हवं. लसीतून प्रतिकारशक्ती यायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर विषाणूला मज्जातंतूत शिरण्याआधी तिथेच अडवायचं असतं. बोटाच्या पेरात जागा किती असते? बारीक सुईने, थेंब थेंब, बोट पांढरं पडेल इतकं भरायचं नाही. प्रत्येक चऱ्याजवळ. आजींनी तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी सिस्टरांचा पदर धरला होता.

हात घातल्याला चार दिवस झाले होते. उशीर म्हणायचा, पण फार उशीर नाही. लक्षणं येण्याआधी कधीही सुरू केलं तरी संधी असते.

त्याच घरातल्या नातवाने काळ्याचे मागचे पाय धरले होते, तोंडाला हात नाही. अंगावर ओरखडा नव्हता, पण मुलं सगळं सांगत नाहीत. त्यालाही लस सुरू केली.

4 डिसेंबर, बुधवार

आजी आणि नातू, दुसरा डोस. दोघंही वेळेवर. आजी रिक्षाने आल्या, पैसे सुनेने दिले. येण्याजाण्याचा खर्च प्रकल्पातून देता येईल का, विचारायचं.

7 डिसेंबर, शनिवार

तीन दिवस त्या गावठाणाभोवती घेरा घालून लसीकरण. आधी रंग लागलेली सोडून उरलेली प्रत्येक. खाडीच्या बाजूची कुत्री कांदळवनाच्या कडेने राहतात. तिथे कोल्हेही आहेत, रात्री ओरडताना ऐकू येतात. कुत्र्याचा रेबीज कोल्ह्यात आणि तिथून परत कुत्र्यात येऊ शकतो. म्हणून ती कड सोडून चालणार नव्हतं. चिखलात जाळी ओढत गुडघ्यापर्यंत आत गेलो.

लोक बदललेत. नोव्हेंबरमध्ये कुत्री धरून आणणाऱ्या त्याच बायकांपैकी दोघींनी विचारलं, सगळीच उचलून न्या ना. त्यांची भीती खोटी नाही, त्यांच्या घरात लहान मुलं आहेत. मी रंगवलेल्या कुत्र्यांकडे बोट दाखवलं. ही तुमच्या मुलांच्या आणि रेबीजच्या मधे उभी आहेत. ही नेली तर त्यांच्या जागी जी येतील त्यांना लस नसेल. एकीला पटलं. दुसरीला नाही. तिच्याकडे पुन्हा जाईन.

8 डिसेंबर, रविवार

सातव्या दिवसाचा डोस रविवारी. बाह्यरुग्ण विभाग बंद, अपघात विभागात लस उघडायला नकार, ‘उद्या या’. कारण असं की त्वचेतल्या डोसला प्रत्येक दंडात 0.1 मिलीच लागते, एका कुपीत चार-पाच जणांचं होतं, आणि फोडलेली कुपी काही तासांत टाकावी लागते. दोघांसाठी कुपी वाया घालवायची नाही, हा त्यामागचा विचार. कुपी वाचते, माणूस परत जातो, आणि परत गेलेला प्रत्येकजण दुसऱ्या दिवशी येतोच असं नाही. अर्धा तास बोलल्यावर मिळाली. मी तिथे नसते तर? आजी काही भांडल्या नसत्या. हे लेखी मांडणार: पहिल्या डोसच्या दिवशीच कॅलेंडर बघून रविवारचे डोस कुठे मिळतील ते केसपेपरवर लिहावं, आणि रविवारी एक ठिकाण ठरवून सगळ्यांना तिथेच बोलवावं. कुपी वाया जाणार नाही आणि माणूसही परत जाणार नाही.

13 डिसेंबर, शुक्रवार

आढावा बैठक. रविवारच्या डोसचा मुद्दा मान्य. छापील रकान्याचा ‘पाहू’.

21 डिसेंबर, शनिवार

पिल्लांचे दिवस. पावसाळ्याच्या शेवटी लागलेल्या माद्या आता प्रत्येक गाडीखाली, जिन्याखाली. महिन्याभरापूर्वीच्या मोजणीत जी नव्हती ती आता गल्लीत धावताहेत, मुलांच्या मांडीवर आहेत. तीन महिन्यांचं होईपर्यंत थांबायचं ही जुनी सवय अजून बऱ्याच जणांत आहे. पण जागतिक आरोग्य संघटना मोहिमेत लहान पिल्लांनाही लस द्या म्हणते, आणि ते बरोबर आहे. मुलं सगळ्यांत जास्त हाताळतात ती पिल्लंच. ती ओरबाडतात, बारीक दात लागतात, आणि पिल्लूच आहे म्हणून घरी कुणी सांगत नाही. आज हाताने उचलून उचलून लस दिली. जाळीची गरजच नाही.

29 डिसेंबर, रविवार

अठ्ठाविसावा दिवस. रविवारच्या ठरलेल्या ठिकाणी आज अकरा जण आले, तीन कुप्या लागल्या असतील. आजींचा आणि नातवाचा शेवटचा डोस झाला. आजींच्या बोटांवरचे चरे बुजलेत, अंगठ्याजवळ पांढरी रेघ राहिली आहे. पार्सलवाल्या मुलाचा डोस सोमवारी 23 ला झाला. तिघांनाही दर पंधरवड्याला फोन करत राहायचा, निदान मार्चपर्यंत. हाताला मुंग्या, जुन्या जखमेत आग, असं काही म्हणाले तर लगेच कळलं पाहिजे.

आजींनी जाताना विचारलं, त्यांच्या ओसरीवर एक पिल्लू येऊन बसतं, त्याला सुई झाली का? पाठीवरचा रंग उडालाय, त्यामुळे त्यांना कळत नाही. मोबाइलवर त्यांच्या घराजवळची नोंद काढली: 21 डिसेंबर, मादी, तांबडी, अंदाजे दोन महिने, लस दिली. फोटो दाखवला. हीच, म्हणाल्या.

सिस्टरांनी जानेवारीच्या नव्या रजिस्टरची पानं पट्टीने आखून घेतली आहेत. शेवटचा रकाना: ‘कुत्रं, दहाव्या दिवशी’.

गुरुवारी 2 तारखेला रात्री साडेबाराला एमआयडीसी, दुसरी पाळी सुटताना. दोन जाळ्यांचं कडं वाकलंय, त्याआधी सरळ करून घ्यायचं. नव्या मुलाचा शेवटचा डोस झाला, एक जाळी त्याची.